निर्वेध मिळकतीवरचे प्रेम

लोकप्रिय प्रेमकादंबरीकडे पाहताना मराठी समीक्षेने बहुधा दोनच दृष्टी वापरल्या : एक तुच्छतेची, दुसरी समजूतदार दुर्लक्षाची. नायक-नायिकेच्या भावविश्वातील खोटेपणा उघड करण्याचे काम तिने चोख केले. परंतु ज्या घरात हे दोघे प्रेमात पडतात ते घर कोणाचे, ज्या बांधावरून ते चालतात तो बांध कोणाच्या नावावर, हे विचारण्याची गरज तिला फारशी भासली नाही. वास्तविक या प्रश्नाला बगल देऊन प्रेमकादंबरीच्या नीतीविषयी काही बोलणे कठीण आहे.

हा प्रश्न उपस्थित करण्यास सर्वांत सोयीचा वाङ्मयप्रकार अमेरिकन आहे. गुरे-घोडे पाळण्याचे विस्तीर्ण कुरण आणि त्याच्या मध्यभागी वडिलार्जित घर, म्हणजे रँच, ही त्याची भूमी. दहा-बारा वर्षांपूर्वी घर सोडून गेलेली नायिका (क्वचित नायक) वडिलांच्या आजारपणामुळे किंवा मृत्यूमुळे परत येते. जिच्यामुळे ताटातूट झाली ती गोष्ट एखादा गैरसमज असते, एखादे न पोचलेले पत्र असते, फार तर तरुणपणाचा हट्ट असतो. जुना प्रियकर शेजारच्याच कुरणावर असतो आणि अविवाहित किंवा विधुर असतो. कुंपणाची दुरुस्ती, गाईंची वेते, हिवाळ्यापूर्वीची गवताची साठवण अशा कामांतून दोघे जवळ येतात. मध्येच बँकेची जप्ती किंवा जमीन गिळू पाहणारा कोणी व्यावसायिक उपटतो. शेवटी जमीन वाचते आणि लग्न ठरते. या सबंध व्यवहारात शरीरसंबंध चुंबनापलीकडे जात नाही. त्यामुळे अशा कादंबरीला तिच्या बाजारपेठेत ‘स्वच्छ’ म्हणतात. मराठीत यासाठी अधिक नेमका शब्द आहे : सोज्ज्वळ.

या सोज्ज्वळपणाची चर्चा नेहमी देहाच्या अनुषंगाने होते. येथे मांडावयाचा मुद्दा निराळा आहे. या कादंबरीत देहाहून अधिक सोज्ज्वळ असते ती जमीन. मराठी खरेदीखतात विकणारा लिहून देतो की सदर मिळकत निर्वेध व बोजाविरहित आहे, तिच्यावर अन्य कोणाचा हक्क वा हितसंबंध नाही. रँचवरील पुनर्मीलनाची कथा नेमक्या अशा मिळकतीवर उभी असते. नायिका दहा वर्षांनी परतते तेव्हा घर, कुरण, गोठा, झाडावरचा झोपाळासुद्धा जागच्या जागी असतो. वाटण्या झालेल्या नसतात. भाऊ असलाच तर तो दूरच्या शहरात सुखात असतो. तिला दुसरी संधी मिळते याचे श्रेय तिच्या प्रेमाला दिले जाते. प्रत्यक्षात ते मिळकतीच्या स्थैर्याला द्यावयास हवे.

हा संबंध या कथेच्या मूळ स्वरूपात नव्हता, ही गोष्ट महत्त्वाची. दुरावलेल्या प्रेमिकांच्या पुनर्मीलनाची इंग्रजीतील आद्य आणि आजही श्रेष्ठ ठरणारी कादंबरी म्हणजे जेन ऑस्टेनची, तिच्या मृत्यूनंतर १८१७च्या अखेरीस प्रसिद्ध झालेली ‘पर्स्वेजन’. तिच्यात ॲन इलियटच्या बापाला कर्जापायी वडिलोपार्जित केलिंच हॉल भाड्याने द्यावा लागतो. ॲनला तिचा वेंटवर्थ परत भेटतो तो आप्तांच्या घरी, समुद्रकाठच्या लाइम गावी आणि अखेर बाथमध्ये. लग्नानंतरही तिच्या वाट्याला जमीनजुमला येत नाही. तिचा नवरा नौदलातील अधिकारी. त्याची कमाई समुद्रावरची. म्हणजे ऑस्टेनने दुसरी संधी दिली ती घर गमावल्यानंतर, किंबहुना घर गमावल्यामुळेच. अमेरिकन रँचकथेने प्रेमाला ते घर पुन्हा जोडून दिले आणि सगळी गोष्ट सोपी केली.

ही जोडणी एका दिवसात झाली नाही. ओवेन विस्टरच्या ‘द व्हर्जिनियन’मध्ये (१९०२) कुरणावरचा पगारी माणूस शाळामास्तरणीशी लग्न करतो. १९२४मध्ये सुरू झालेले ‘रँच रोमान्सेस’ हे स्वस्त कथामासिक १९७१पर्यंत टिकले. त्याच १९७१ साली कॅनडातील हार्लेक्विन या प्रकाशनसंस्थेने लंडनच्या मिल्स अँड बून या संस्थेची खरेदी केली आणि प्रेमकादंबरी हा जागतिक माल झाला. जॅनेट ओकच्या ‘लव्ह कम्स सॉफ्टली’ (१९७९) या कादंबरीपासून धार्मिक वृत्तीच्या वाचकवर्गासाठी माळरानावरच्या सात्त्विक प्रेमकथेला निराळा प्रवाह मिळाला. जॅनिस रॅडवे हिने १९८४मध्ये अशा वाचक स्त्रियांचा अभ्यास करून असे दाखवले की, घरातील सर्वांची काळजी वाहणाऱ्या स्त्रीला आपलीही काळजी कोणी घ्यावी, ही तहान या वाचनातून भागवावयाची असते. निष्कर्ष पटण्यासारखा आहे. तथापि ती काळजी कोणत्या छपराखाली घेतली जावी, हा प्रश्न रॅडवेच्या मांडणीत मागेच राहतो.

आणि ते छप्पर तरी निर्वेध आहे काय? १८६२च्या होमस्टेड कायद्याने अमेरिकेत १६० एकरांचे तुकडे वसाहतकऱ्यांना दिले, तेव्हा ती भूमी ओसाड नव्हती. तिथल्या मूळ जमातींना हटवून ती मोकळी करण्यात आली होती. ‘चार पिढ्यांचे घराणे’ असे ही कादंबरी अभिमानाने सांगते तेव्हा पाचव्या पिढीमागे काय होते, याविषयी ती गप्प राहते. रेमंड विल्यम्सने ‘द कंट्री अँड द सिटी’मध्ये (१९७३) इंग्रजी ग्रामकाव्यातून राबणारे हात कसे पुसले जातात हे दाखवले होते. येथे राबणारे हात दिसतात, पण ते मालकाचेच असतात. पुसला जातो तो आधीचा कब्जेदार. प्रकार सोज्ज्वळ आहे, तो अशा रीतीने.

मराठी मुलखात जमीन गप्प राहत नाही, कारण तिचा कागद बोलतो. सातबाराच्या उताऱ्यात भोगवटादाराच्या नावाशेजारी ‘इतर हक्क’ असा एक रकाना असतो. त्यात कुळाचे नाव, सोसायटीचा बोजा, विहिरीतील हिस्सा, बहिणींची नावे अशा नोंदी दाटीवाटीने बसलेल्या असतात. १ एप्रिल १९५७ या कृषक दिनी कुळे कायद्याने मालक मानली गेली, तेव्हापासून कित्येक उताऱ्यांवर एका घराण्याचे सुख हे दुसऱ्या घराण्याचे गऱ्हाणे होऊन बसले आहे. रँच या शब्दाला मराठीत प्रतिशब्द मिळत नाही, तो केवळ भूगोलामुळे नव्हे. मळा, वाडी, वस्ती, शिवार यांतील प्रत्येक शब्दात शेजारी, भाऊबंद आणि बांधावरचे भांडण गृहीत असते.

हिंजवडी हे या संदर्भात एक बोलके ठिकाण आहे. मुळशी तालुक्यातील हे भातखाचरांचे गाव. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून औद्योगिक विकास महामंडळाने येथे व माण-मारुंजीच्या शिवारात माहिती-तंत्रज्ञानाची वसाहत उभारली. ज्या तालुक्याने १९२१मध्ये टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह पाहिला, त्याच तालुक्यात जमीन पुन्हा एकदा अधिसूचनेने हातची गेली. आज तेथील काचेच्या इमारतींत काम करणारा वर्ग इंग्रजी वाचतो. रँचवरील प्रेमकथा त्याच्या हातातील यंत्रावर क्षणात उतरते. ज्या खाचरावर आपली खुर्ची ठेवली आहे त्या खाचराचा मूळ मालक कोण, हे त्याला ठाऊक असण्याचे कारण नाही. त्याच्याही मनात डोंगरालगत एखादे ‘फार्महाऊस’ असतेच. मात्र महाराष्ट्रात शेतजमीन घेण्यासाठी आधी स्वतः शेतकरी असावे लागते, आणि मग तो आजोळी-पणजोळी कोठे सातबारावर नाव लागते काय याचा शोध घेऊ लागतो. वडिलार्जित भूमीकडे परतण्याचा हाही एक प्रकारच म्हणावयाचा.

पुनर्मीलनाची कथा आपल्याकडे नव्हती असे नाही. उलट ती आपल्या परंपरेच्या गाभ्याशी आहे, आणि तेथे भूमीचा विचार अधिक जागरूकपणे झालेला दिसतो. शाकुंतलात दुष्यंत-शकुंतलेची पुन्हा भेट होते ती ना कण्वाच्या आश्रमात, ना राजवाड्यात. ती मारीचाच्या आश्रमात होते. पहिले स्थळ नायिकेचे माहेर होते, दुसरे तिच्या अपमानाचे. तिसरे कोणाच्याच मालकीचे नाही, म्हणूनच तेथे समेट शक्य होतो. १८८०मध्ये पुण्यात किर्लोस्करांनी ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणले, तेव्हा मराठी संगीत नाटकाचा आरंभच एका दुसऱ्या संधीच्या कथेने झाला, ही बाब सहसा लक्षात घेतली जात नाही. नलोपाख्यानाची रचना तर याहून सूक्ष्म आहे. टाकून दिलेली दमयंती विदर्भात, बापाच्या घरी परतते. तेथे राहून दुसऱ्या स्वयंवराची हूल उठवते आणि नळाला खेचून आणते. राज्य त्यानंतर, पुन्हा फासे टाकून मिळवले जाते. म्हणजे आधी माणूस, मग जमीन. आणि माणूस मिळतो तो माहेरचे दार उघडे असल्यामुळे. रघुनाथपंडिताच्या रसिकप्रिय आख्यानाने मात्र स्वयंवर निवडले. पहिल्या प्रेमाची रंगत मराठी काव्याला अधिक मोहक वाटली असावी. माहेरी परतलेल्या दमयंतीचे धैर्य मागे पडले.

आधुनिक मराठी प्रेमकादंबरीने तर जमिनीपासून दूर जाणेच पसंत केले. फडक्यांच्या नायकाला मोटार आहे, महाविद्यालय आहे, थंड हवेचे ठिकाण आहे. त्याच्या सुखवस्तूपणामागे कोठेतरी कूळ राबत असेल, पण ते पानावर येत नाही. या कादंबरीला कृत्रिम म्हणण्याचा प्रघात आहे. खरे तर तिने एक व्यवहारी शहाणपण दाखवले : जमिनीवर प्रेमकथा आणली की भाऊबंदकी येणार, हे तिने ओळखले होते. पुढे ‘मेनका’, ‘माहेर’ यांसारख्या मासिकांनी सोज्ज्वळ कौटुंबिक कथेचा मोठा वाचकवर्ग घडवला. त्यांतील एका मासिकाचे नावच ‘माहेर’ असावे, हे सूचक आहे. कोल्हापूरच्या बाबा कदमांनी वाडे, घोडे, इनामदारी यांच्या वातावरणात लोकप्रिय कादंबरी रमवली, आणि रँचकथेच्या बाह्यरूपाच्या सर्वांत जवळ मराठीत कोणी गेले असेल तर तेच. खोपोलीच्या र. वा. दिघ्यांनी शेतीच्या पार्श्वभूमीवर रोमांचक प्रणय रंगवला. त्यांच्या भाबडेपणाला समीक्षकांनी हसून घेतले. पण माती आणि प्रेम एकत्र आणण्याची जिद्द दिघ्यांकडे होती, हे मान्य करावयास हवे.

ज्या कादंबऱ्यांनी जमिनीकडे डोळे उघडून पाहिले, त्यांत मात्र प्रेमाची दुसरी संधी मिळत नाही. आनंद यादवांच्या ‘गोतावळा’मधील (१९७१) नारबा हा मळ्यावरचा चाकरीचा गडी. विस्टरच्या नायकाप्रमाणे तोही दुसऱ्याच्या जमिनीवर, जनावरांच्या संगतीत जगतो. लग्नाची आस त्यालाही आहे. पण त्याच्यासाठी कोणी मास्तरीण येत नाही, येतो तो ट्रॅक्टर, आणि गोठा रिकामा होत जातो. ही दोन पुस्तके शेजारी ठेवली म्हणजे कळते की गड्याला नायक करण्यासाठी त्याच्यावर प्रेम करणारी नायिका निर्माण करणे पुरेसे नसते. त्याला पुढे स्वतःची जमीन मिळू शकेल असा समाजही कल्पावा लागतो. विस्टरला ती कल्पना सुचली, कारण त्याच्या देशात घेण्याजोगी जमीन होती. ती कोणाकडून घेतलेली, हे वर आलेच आहे.

सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ (२००२) तर या प्रकाराची जणू उलटी बाजू आहे. येथेही एक सुशिक्षित तरुण वडिलोपार्जित शेतीकडे परततो. एकनाथ एम. ए., बी. एड. आहे, नोकरी मिळत नाही म्हणून तो शेतात उतरतो. रँचकथेत हे परतणेच प्रेमाला निमंत्रण देते. येथे त्यानेच संसार मोडतो. शहरात वाढलेली अलका ज्या सुशिक्षित नवऱ्याकडे पाहून या घरात आली, तो तिला मिळतच नाही, आणि ती माहेरी निघून जाते. तिला स्वार्थी ठरवून मोकळे होण्याचा मोह वाचकाला होतो. एकनाथाच्या दुःखाशी एकरूप झालेले निवेदन त्या मोहाला काही अंशी बळही देते, आणि ही या थोर कादंबरीची एक मर्यादा मानावी लागेल. कारण अलकेचे जाणे हा गैरसमज नाही. येथे न पोचलेले कोणतेही पत्र नाही, जे सापडल्यावर सर्व सुरळीत होईल. कर्ज, नापिकी, पडलेले भाव आणि नोकरीचा बाजार यांनी मिळून हा दुरावा घडवला आहे, आणि तो दूर करणे कोणा एकाच्या क्षमाशीलतेच्या आवाक्यातले नाही. लोकप्रिय पुनर्मीलनकथा दुराव्याचे कारण नेहमी व्यक्तीच्या मनात ठेवते. मनातले असले म्हणजे ते मनानेच मिटवता येते. ‘बारोमास’ने ते कारण शेतात आणून ठेवले.

चित्रपटाने ही गोष्ट आणखी उघडी केली. नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’मध्ये (२०१६) पूर्वार्ध पाहताना रँचकथेचीच आठवण यावी : मातब्बर बापाची निर्भय मुलगी, तिचा घोडा, बुलेट आणि ट्रॅक्टर, पिके, विहीर. ही सारी जमीन आर्चीच्या आज्ञेत असल्यासारखी भासते. पळून गेल्यावर दोघांचे हैदराबादेत बिनसते, ती निघून जाते आणि परत येते. तेथे त्यांना दुसरी संधी मिळते, ती परक्या शहराच्या गरीब वस्तीत, जेथे कोणाचीच वतनदारी चालत नाही. मारीचाच्या आश्रमाची ही आजची जागा. पुढे ती आईला फोन करते. माहेर आहेर घेऊन दारी येते आणि दोघांचा खून करून जाते. जी जमीन प्रेमाची रंगभूमी वाटत होती, तिच्याच ‘इतर हक्क’ या रकान्यात जात लिहिलेली होती. प्रवीण तरडे यांच्या ‘मुळशी पॅटर्न’मध्ये (२०१८) हिंजवडीच्याच तालुक्याची कथा आहे : जमीन विकून बसलेला बाप, आणि गुन्हेगारीत शिरलेला मुलगा. चित्रपटाला आपल्या हिंसेचे नको तितके आकर्षण आहे. तथापि परतण्यासाठी जमीनच उरली नाही म्हणजे तारुण्याचे काय होते, हा त्याचा प्रश्न खोटा नाही.

तर मग या भूमीवर दुसऱ्या संधीची कथा संभवतच नाही काय? संभवते, परंतु तिचे नायक-नायिका बदलावे लागतील. येथे घर सोडून गेलेली आणि परतण्याची वाट पाहणारी स्त्री प्रियकरासाठी परतत नाही. ती माहेरवाशीण आहे, आणि दाराशी उभा आहे तो भाऊ. चैत्रात म्हातोबाच्या यात्रेला हिंजवडीहून वाकडला बगाड निघते, तेव्हा लेकीबाळी माहेरी येतात. भाऊबीज आहे, गौरी-गणपती आहेत. हे परतणे बारमाही नसते, सणापुरते असते, आणि त्याला एक न लिहिलेली अट असते. जमिनीला भाव नव्हता तोवर ती अट उच्चारण्याची गरज पडली नाही. भाव आला, मोबदल्याच्या याद्या लागल्या, बांधकाम व्यावसायिकाचा वकील ‘टायटल क्लिअर’ मागू लागला, आणि बहिणींना तालुक्याच्या दुय्यम निबंधकाच्या कचेरीत हक्कसोडपत्रावर सही करण्यासाठी बोलावणे येऊ लागले. मिळकत निर्वेध होते ती त्या सहीने.

या सहीचा एक इतिहास आहे आणि तो कादंबरीच्या कथानकाहून कमी नाट्यमय नाही. महाराष्ट्राने २२ जून १९९४पासून मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हिस्सा दिला, पण त्या दिवसापूर्वी लग्न झालेल्या मुलींना वगळून. म्हणजे जी आधीच घर सोडून गेली होती, जिला परतण्याचा प्रश्न होता, नेमकी तीच बाहेर राहिली. २००५च्या केंद्रीय दुरुस्तीने ही अट गेली. २० डिसेंबर २००४पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या मात्र अबाधित राहिल्या. दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२०मध्ये स्पष्ट केले. कायद्याने दिलेली ही दुसरी संधी होती, आणि ती सोडून देण्यासाठी लागणारा कागदही त्याच कचेरीत मिळतो. हक्क मागितला तर माहेर तुटते, सोडला तर साडी-चोळी आणि भाऊबीज शाबूत राहते. कित्येक बहिणी डोळे उघडे ठेवून दुसरा पर्याय स्वीकारतात. त्यांच्या या निवडीला भाबडेपणा म्हणणे हा त्यांचा अपमान आहे, आणि त्याग म्हणणे ही भावांची सोय.

अमेरिकन नायिकेला घर आणि प्रेम एकाच वेळी मिळते. मराठी माहेरवाशिणीपुढे दोहोंपैकी एक उचलण्याचा प्रसंग येतो. प्रेमकादंबरीला लागणारी सगळी सामग्री येथे हजर आहे : जुना जिव्हाळा, दुरावा, बोलून न दाखवलेली तक्रार, परतीची वाट, वडिलांचे आजारपण, जमिनीवर डोळा ठेवून असलेला परका. भाऊ-बहिणीच्या नात्याला जात्यावरच्या ओवीने जितकी जागा दिली तितकी मराठी कादंबरीने दिली नाही. ओवीतला भाऊ मुराळी होऊन येतो, सातबारावरचा भाऊ पेन घेऊन येतो, आणि हे दोघे एकच आहेत हे बहिणीला ठाऊक असते. सही करण्यापूर्वी ती कागद वाचून दाखवावयास सांगते की नाही, आणि सांगितले तर भाऊ कोणत्या आवाजात वाचतो, एवढ्यावर एक प्रकरण सहज लिहिता येईल.